उलट्या शिवणीचं आकाश

दूध उतू जायच्या बेतात होतं, यांचा एक मोजा सापडत नव्हता आणि मी दोन्हीकडे एकदम लक्ष ठेवून होते, तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल असताना कुणी थाप मारली की समजावं, माणूस एकतर घाईत आहे किंवा घाबरलेला. दार उघडलं तर शाळेतल्या विज्ञानाच्या बाई. केस विंचरलेले नाहीत, पायात दोन वेगवेगळ्या चपला.

"ताई, आकाश उलटं झालंय," त्या म्हणाल्या.

"मग आज ऑफिसला सुट्टी का?" आतून यांचा आवाज आला. एक पाय मोज्यात, एक उघडा.

बाई हसल्या नाहीत, तेव्हा मी गॅस बंद केला. त्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. पेला त्यांनी घेतला आणि नुसता हातात धरून ठेवला.

गेले चार महिने आमच्या वरच्या मजल्यावर आकाश शिवलं जात होतं. शाळेच्या मधल्या सभागृहात उभा करायचा काळ्या जाड कापडाचा घुमट, वीस मुलं आत बसतील एवढा. कापडाला सुईने टोचून भोकं पाडायची, एकेका ताऱ्याचं एकेक. सभागृहाला चारी बाजूंनी मोठाल्या खिडक्या आहेत. दिवसाउजेडी आत शिरून दाराचा पडदा ओढून घेतला की बाहेरचा उजेड त्या भोकांतून आत येतो आणि डोक्यावर उत्तरेकडचं सगळं आकाश उमटतं. विजेचा खर्च नाही, यंत्र नाही. बाईंनी दोन वर्षं या कल्पनेचा पाठपुरावा केला होता. आज शुक्रवार, अकरा वाजता शिक्षण खात्याचे तपासणीस येणार होते. त्यांना पटलं तर सभागृह आकाशाच्या वर्गाला मिळणार. नाही पटलं, तर तिथे मोडके बाक रचायचे आणि घुमट घडी करून माळ्यावर टाकायचा, असं मुख्याध्यापकांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

"उजाडताच जाऊन घुमट पाईपच्या सांगाड्याला बांधला," बाई सांगू लागल्या. "आत शिरले, पडदा ओढला. आधी तर मला रडूच आलं, इतकं सुंदर दिसत होतं. मग सप्तर्षी शोधले. ताई, सप्तर्षी म्हणजे एक पळी धरा. पळीची वाटी सरळ ठेवली तर दांडा डाव्या हाताला यायला हवा. आत तो उजव्या हाताला आहे. सगळंच तसं. आरशात पाहावं तसं."

"मग आता?"

"आता तुम्ही वरच्या सुईमावशींना सांगा. मला नाही सांगता यायचं. मंगळवारी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे."

मावशींकडे हे काम मीच नेलं होतं, त्यामुळे सांगायचंही माझ्याच गळ्यात पडलं. घड्याळात पावणेआठ झाले होते.

वरच्या मजल्यावरच्या या बाईंना सगळे सुईमावशी म्हणतात. त्यांचं खरं नाव मला दारावरच्या पाटीमुळे माहीत आहे, बाकी कुणाला विचारलंत तर डोकं खाजवतील. चाळीस वर्षं त्यांनी शाळेचे गणवेश शिवले. या भागातल्या दोन पिढ्यांनी गोट्या आणि खडू ज्या खिशांत कोंबले ते खिसे त्यांच्या हातचे, आणि त्यातला एकही फाटल्याचं कुणी सांगत नाही. मावशींची सवय अशी, की कुणाच्या घरी गेल्या आणि खुर्चीच्या पाठीवर सदरा दिसला, की बोलता बोलता त्याचा काठ उलटून आतली शिवण बघणार. चेहऱ्यावर काही दाखवणार नाहीत. पण काठ पुन्हा सरळ करताना बोटं जरा जोरात फिरली, की शिवण वाईट आहे असं मी समजायचे. "सुलट बाजू लोकांसाठी, उलट बाजू शिवणाऱ्याची लाज," असं त्या म्हणत. स्वतःची उलट बाजू त्यांनी कधी कुणाला पाहू दिली नाही.

उजव्या डोळ्यात वर्षभरापूर्वीच धुकं उतरलं होतं. आता डावा चालला होता. डॉक्टरांनी मंगळवारची तारीख दिली होती आणि वाचेलच अशी खात्री दिली नव्हती. म्हणून घुमट हे शेवटचं काम, असं मावशींनी स्वतःच जाहीर करून टाकलं होतं. ते शेवटचं काम आज दुपारी माळ्यावर जाणार होतं.

जिना चढताना बाई माझ्या मागे होत्या. त्यांच्या पायांतल्या दोन चपलांचे दोन वेगळे आवाज येत होते.

दार इस्त्रीमावशींनी उघडलं. या सुईमावशींच्या धाकट्या जाऊबाई. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, दोघेही आता नाहीत. दोन खोल्या, एक मशीन, एक इस्त्री. थोरली शिवते, धाकटी इस्त्री करते, आणि अकरा वर्षांपासून दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. कारण एक निळा कोट. धाकटी तो न विचारता घालून एका समारंभाला गेली आणि खांद्यावर फाडून घेऊन आली. फाटलं ते मावशींनी असं शिवलं की भिंगातूनही दिसणार नाही, पण बोलणं तेव्हापासून बंद झालं. बोलायचं असलं की तिसऱ्याला सांगायचं. तिसरं माणूस नसलं तर वस्तूंना सांगायचं.

"त्या मशीनला सांगा, खालच्या ताई आल्यात म्हणून," इस्त्रीमावशी म्हणाल्या.

सुईमावशी खिडकीपाशी बसल्या होत्या, गुडघ्यावर रिकामे हात. चार महिन्यांत त्यांचे हात रिकामे मी पाहिले नव्हते.

बाई दर शनिवारी एक मोठा पारदर्शक कागद आणायच्या, त्यावर घुमटाच्या एका भागातले तारे. घुमटाचे असे बारा भाग, घेरदार झग्याला असतात तशा बारा कळ्या, आणि त्या सगळ्या जिथे मिळतात तिथे टोकाला ध्रुव. कागद देताना बाईंना गोष्ट सांगावीच लागायची, कारण मावशींचा एकच प्रश्न असायचा, "हे असं कोणी ठरवलं?" हे ऐकायला म्हणून मीही कपड्यांच्या घड्या घेऊन वर जाऊन बसायचे. बाई सांगायच्या, की मेंढ्या राखणाऱ्यांनी ठरवलं, समुद्रावर वाट शोधणाऱ्यांनी ठरवलं, पेरणीची वेळ बघणाऱ्यांनी ठरवलं. त्याच सात ताऱ्यांत आपल्याला सात ऋषी दिसले, दुसरीकडे लोकांना नांगर दिसला, कुठे गाडी, कुठे अस्वल.

"अस्वलाला एवढी लांब शेपटी?" मावशींनी तेव्हा विचारलं होतं.

"नसतेच. म्हणून त्यांनी अस्वलाला शेपटी धरून आकाशात भिरकावल्याची गोष्ट जोडली. तेव्हा ती ताणली गेली म्हणे."

"म्हणजे माप चुकलं आणि वर गोष्ट लावली. आमच्यातही शिंपी असेच असतात."

शर्मिष्ठा आणि देवयानीची गोष्ट आली त्या शनिवारी तर मावशींनी सुई खाली ठेवली. दोघी मैत्रिणी आंघोळीला गेल्या, वाऱ्याने काठावरचे कपडे एकमेकांत मिसळले, एकीने चुकून दुसरीचे घातले. त्यावरून भांडण एवढं वाढलं की शर्मिष्ठेने देवयानीला विहिरीत ढकललं. पुढे दोघी आकाशात शेजारी शेजारी. दुसऱ्या देशांत याच ताऱ्यांना राणी आणि तिची लेक म्हणतात, बाईंनी सांगितलं, पण मावशींचं तिकडे लक्ष नव्हतं.

"कपड्यांवरून," त्या म्हणाल्या. मग खोलीभर पाहून, "आपल्या इथे विहीर नाही, नाहीतर बघितलं असतं."

"त्या कात्रीला सांगा," आतून इस्त्रीमावशींचा आवाज, "मला पोहता येतं."

हे सगळं मला जिन्यात आठवत होतं आणि आता मावशी समोर बसल्या होत्या. मी सरळच सांगितलं. फिरवून सांगितलेलं त्यांना आवडत नाही.

त्यांनी हात पुढे केला. टेबलावर बाईंचा एक जुना कागद पडला होता तो चाचपून घेतला, मांडीवर पसरला, उचलला, पालथा केला. मग म्हणाल्या, "मी कागद उलट बाजूला लावला."

"उलट बाजू कुठली धरलीत?" बाईंनी हळूच विचारलं.

"बाहेरची. मुलं आत बसणार ना? म्हणजे आतली बाजू दिसणार. जी दिसते ती सुलट. सुलट बाजूवर कधी खुणा करतात का?"

चाळीस वर्षांचा हात. कागद उलट बाजूवर टाचायचा, खुणा तिथे करायच्या, दोरे तिथे सोडायचे. सदऱ्याला, झग्याला हे चालून जातं, कारण उजवी बाही आणि डावी बाही एकमेकींचा आरसाच असतात. आकाशाला दुसरी बाही नसते. बाहेरून सरळ टोचलेले तारे आतून बघणाऱ्याला उलटेच दिसणार. शाळेच्या बाईंच्याही हे लक्षात आलं नव्हतं, माझ्या तर नाहीच.

"माझ्या हातून झालं ते," मावशी म्हणाल्या. "माळ्यावर टाका. दुसरं करून घ्या कुणाकडून."

इस्त्री गरम होऊन टक् झाली आणि तिचा दिवा विझला.

"त्या मशीनला कुणीतरी सांगा," इस्त्रीमावशी म्हणाल्या, "की उशीचा अभ्रा उलटा शिवला गेला तर आपण काय करतो? तो सुलटा करतो. माळ्यावर टाकत नाही."

बाई उठून उभ्या राहिल्या. "होईल. अहो, होईल तसं. कापड दोन्हीकडून काळंच आहे."

"नाही होणार," मावशींचा आवाज चढला. मी तो कधी चढलेला ऐकला नव्हता. "शिवणीची माया, ते जास्तीचं कापड, सगळं बाहेर सोडलंय मी. खडूच्या खुणा बाहेर. दोऱ्यांच्या गाठी बाहेर. उलटा केला की ते सगळं आत येणार. तपासणीस माझ्या गाठी बघणार? आणि सांगाड्याला बांधायचे बंद, तेही आत येतील."

"बंद आत आले तर सांगाडाही आत घेऊ," बाई म्हणाल्या. "पाईप शिवणींवरच येतात, एकही तारा झाकणार नाही. मावशी, सव्वाआठ झालेत."

मी मावशींच्या चेहऱ्याकडे बघणं टाळलं. त्यांनी पायांनी चपला शोधल्या आणि मला म्हणाल्या, "जिन्यात हात धरा. आणि सुयांचा डबा घ्या."

इस्त्रीमावशींनी इस्त्रीची पिन काढली आणि कुणी न बोलावता मागून आल्या.

सभागृहात घुमट उभा होता. आम्ही बंद सोडले तसा तो खाली बसला, थकलेल्या जनावरासारखा. दुलईची खोळ उलटवतात तसा आम्ही चौघींनी मिळून तो उलटा केला. बाई आत शिरून टोक ओढत होत्या, मी काठ धरून मागे सरकत होते, मावशी चाचपत सांगत होत्या, "इथे ओढा. इथे नको, फाटेल." इस्त्रीमावशींनी सांगाड्यावर तो चढवला. पाऊण तास गेला. पांढऱ्या खडूच्या रेघा आणि लोंबणारे दोरे आता आतल्या बाजूला होते. मावशींनी एका शिवणीवरून हात फिरवला आणि तो लगेच काढून घेतला.

बाई एकट्याच आत गेल्या, पडदा ओढला. कागद आणि विजेरी घेऊन एकेक कळी तपासू लागल्या. बाहेर आम्हाला त्यांचा आवाज येत होता.

"सप्तर्षी बरोबर. दांडा डावीकडे."

"म्हणजे पळी डावखुऱ्याची आहे," इस्त्रीमावशी म्हणाल्या. त्या स्वतः डावखुऱ्या. "मला आधीच वाटलं होतं, वर कुणीतरी शहाणं आहे."

"शर्मिष्ठा बरोबर. देवयानी बरोबर. हंस बरोबर." नऊ कळ्या झाल्या. दहा झाल्या. अकरा. मग आवाज थांबला.

"बाई?" मी हाक मारली.

"एक कळी उलटी आहे," आतून उत्तर आलं. "रानमांजराची."

रानमांजर ही शेवटची कळी. त्या शनिवारी बाईंनी सांगितलं होतं, की आकाशाच्या या तुकड्यात ठळक असं काहीच नव्हतं, म्हणून जुन्या लोकांनी तिथे काही कल्पिलंच नाही. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी एका आकाश बघणाऱ्या माणसाने ती मोकळी जागा भरायला तिथे रानमांजर बसवलं आणि लिहून ठेवलं, की हे बघायला रानमांजराचेच डोळे हवेत. मावशी तेव्हा म्हणाल्या होत्या, "मग हे काही माझ्या वाट्याचं नाही." आम्ही सगळ्या हसलो होतो.

बाकी अकरा कळ्या बाहेरून टोचलेल्या होत्या, म्हणून उलटवल्यावर त्या बरोबर झाल्या. ही एकच पहिल्यापासून आतून टोचलेली होती. म्हणजे हिचा कागद दुसऱ्या कुणीतरी, शिवणकाम न येणाऱ्या कुणीतरी, दुसऱ्या बाजूला लावला होता.

इस्त्रीमावशी खिडकीबाहेर बघू लागल्या.

"आठ दिवस तो कागद तसाच टाचलेला होता," त्या कुणालाच उद्देशून नसल्यासारख्या म्हणाल्या. "रोज सुई घेऊन बसायची आणि एक भोक नाही. ठिपके दिसत नव्हते तिला. एका दुपारी झोपली होती, तेव्हा मी कागद सोडवला, आतल्या बाजूला लावला आणि टोचले."

"मला माहीत आहे," सुईमावशी म्हणाल्या.

"कसं माहीत असेल?"

"डाव्या हाताची भोकं तिरकी पडतात. बोटाला कळतं."

अकरा वर्षांत दोघींचं थेट झालेलं हे पहिलं बोलणं. माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे, त्या दोघींच्या तर नाहीच.

बाई बाहेर आल्या. "मावशी, राहू द्या ही एक. इतके बारीक तारे आहेत, तपासणीसांनाच काय, कुणालाही कळणार नाही."

"मुलांना चुकीचं दाखवायचं?"

"पण दिसतच नाही ते."

"तुम्हीच सांगितलंत ना, की दिसत नव्हतं तरी तिथे होतं म्हणून," मावशी म्हणाल्या. "किती वाजले?"

नऊ चाळीस झाले होते. एका कळीच्या दोन शिवणी, प्रत्येकी माझ्या उंचीहून बऱ्याच लांब. त्या उसवायच्या, कळी पालटायची, पुन्हा जोडायची. मशीन घरी, वरच्या खोलीत. हाताने कच्चा टाका घालण्यावाचून इलाज नव्हता.

मी आणि बाई उसवत होतो. मावशींचा टाका इतका बारीक की उसवायचा म्हटला तर जीव नकोसा होतो. एकदा माझं ब्लेड कापडाला लागलं, पण ते निसटलं. सुईमावशी एका बाजूने शिवत गेल्या, डोळे मिटून. उघडे ठेवून तरी काय उपयोग होता? डाव्या हाताचं बोट पुढे सरकायचं, कडा जुळवायचं आणि मागून सुई यायची. इस्त्रीमावशी शेजारी गुडघ्यावर बसून दोरे ओवत होत्या. दोरा संपत आला की मावशी नुसता हात मागे करायच्या आणि त्या हातात ओवलेली सुई पडायची.

"लांब दोरा ओवू नको, गुंता होतो."

"चाळीस वर्षं बघतेय. मला शिकवू नकोस."

साडेदहा. एक शिवण झाली. दहा चाळीस. फाटकाशी गाडीचा आवाज आला आणि बाईंच्या हातातली विजेरी खाली पडली, पण ते दुसरंच कुणी होतं. दुसऱ्या शिवणीचं शेवटचं वीतभर अंतर राहिलं तेव्हा बाहेर मुख्याध्यापकांचा पाहुण्यांपुढे काढतात तो मऊ आवाज ऐकू आला. मावशींनी गाठ मारली, दोरा दातांनी तोडला. तोडलेलं टोक लोंबतच राहिलं.

तपासणीस उंच होते, आत जाताना त्यांना पार वाकावं लागलं. बाई त्यांच्याबरोबर गेल्या. पडदा ओढला गेला. आम्ही तिघी बाकावर बसलो. आतून बाईंचा आवाज येत होता, मग तो थांबला, मग काहीच येईना. इस्त्रीमावशींनी पदराचं टोक इतकं पिळलं होतं की ते सरळ करायला त्यांचीच इस्त्री लागली असती. सुईमावशी स्थिर होत्या. त्यांच्या बोटाच्या टोकावर रक्ताचा एक थेंब होता, त्याचा त्यांना पत्ता नव्हता. मी रुमाल लावला.

"आतल्या गाठी बघत असतील," त्या म्हणाल्या.

बऱ्याच वेळाने साहेब बाहेर आले. उजेडात डोळे बारीक करून उभे राहिले. त्यांच्या कोटाच्या बाहीला एक काळा दोरा चिकटला होता. तो त्यांनी काढून बघितला.

"हा कुणाचा?"

"माझा," सुईमावशी उठून उभ्या राहिल्या. "कापायचा राहिला."

त्यांनी दोरा खिशात टाकला की खाली, मी पाहिलं नाही. मुख्याध्यापकांकडे वळून म्हणाले, "बाक दुसरीकडे ठेवा. सभागृह आकाशाकडे राहील." मग पुन्हा मावशींकडे. "त्या एका कोपऱ्यात काही नाही असंच मला वाटलं होतं. बाईंनी थांबायला सांगितलं. डोळे सरावल्यावर दिसलं."

"ती कळी हिची," मावशी म्हणाल्या आणि न बघता हात मागे केला. तो बरोबर इस्त्रीमावशींच्या खांद्याला लागला, जिथे कोट फाटला होता तिथेच.

विज्ञानाच्या बाई पडद्यातून बाहेर आल्या होत्या. दोन चपला अजून तशाच. "मावशी, सांगा, शाळेने तुमच्यासाठी काय करायचं?" त्यांनी विचारलं. मुख्याध्यापकांनी लगेच मान डोलावली. सत्कार, शाल, असं काहीतरी त्यांच्या मनात तयार होत असणार.

मावशींनी थोडा विचार केला. चार महिने त्या म्हणत आल्या होत्या, झाल्यावर बघेन. आज सकाळपासून तीनदा आत गेल्या, पण बंद बांधायला, पडदा उघडा ठेवून. उजेडात आत नुसतं काळं कापड असतं.

"मंगळवारी माझा डोळा आहे," त्या म्हणाल्या. "सोमवारी शाळा सुटली की अर्धा तास आम्हा दोघींना आत बसू द्या."